तिसरं नाव

"शोधनिबंधावर तिसरं नाव टाकलंत तर पॉइंट तिघांत वाटले जातील, संबोधीजी. तुमचं प्रमोशन एक साल लांबेल," डीनसाहेब म्हणाले. मेडिकल कॉलेजात संशोधकांचं काम अशा पॉइंटांवरच मोजलं जायचं. डॉक्टर संबोधीला दोनच पॉइंट कमी पडणार होते. पण सांवेर तालुक्यातल्या खेड्यांतून तीन वर्षं स्कूटीवर फिरून नऊशे गरोदर बायांचं बीपी मोजलं होतं नर्स रजनीने. एक मशीन जास्त आकडा दाखवतं, हेही तिनेच पकडलं होतं. "लांबू द्या, सर. काम तिचं आहे," म्हणत संबोधीने नाव टाकलं. दोन महिन्यांनी शोधनिबंध छापून आला. रजनीने स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, सोयाबीन कापणीच्या दिवसांत बायांचं बीपी वाढतं, मैंने देखा है. त्यावर मी अभ्यास करू?" "कधीपासून सुरू करायचं?" संबोधीने विचारलं.