टेबलाचा आधार

"आधी भाकरी उलटा, सरपंचबाई!" सासू करवादली.

शालन ओट्यावर डावा हात टेकवून आमदार ताईंसारखी उभी होती. ताई भाषणाआधी अशाच टेबलावर हात टेकवत, गर्दीवरून शांत नजर फिरवत. शालनला तेवढंच जमायचं. सभेत तिच्या वतीने बोलायचा तो नवराच.

पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला ताई गावात आल्या. शालन शेजारीच बसली होती, म्हणून तिला प्रथमच दिसलं: ताई बोलताना त्यांच्या हाताखालचं टेबल थरथरत होतं.

खाली बसत ताई पुटपुटल्या, "वीस वर्षं झाली, पाय अजून लटपटतात बघ. टेबल धरलं की निभतं."

सरपंचांचं नाव पुकारलं गेलं. सवयीने नवरा उठला.

"बसा तुम्ही. मी बोलते."

"जमेल का तुला?"

"नाही जमलं तर टेबल आहे."

तिने हात टेकवला. टेबल खडखडू लागलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

मग खडखड थांबली. समोर बघतच ताईंनी टेबलाचा पाय आपल्या पायाने दाबून धरला होता.

"मंडळी," शालन म्हणाली.