बाबांची आत्या

आई औषधांच्या खिडकीपाशी रांगेत अडकली होती. ती संधी साधून बाळीने डॉक्टरांना विचारलं, हे मलाच का झालं? बत्तीस वर्षांची बाई, पण घरात अजून बाळीच.

डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंच्या या आजाराचं एकच एक कारण सांगता येत नाही. थोडा कल जन्मापासून रक्तात असतो. घराण्यात आणखी कुणाला होतं का? दोन्हीकडे कुणालाच नाही, असं शेजारी बसलेल्या बाबांनी ठामपणे सांगितलं. मग डॉक्टरांनी एका विषाणूचं नाव घेतलं. तो बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी गाठतोच, उष्ट्यातून, लाळेतून. लहानपणी आला तर सर्दीसारखा येऊन जातो, पत्ताही लागत नाही. सोळा-सतराव्या वर्षी आला तर सणसणून ताप, गळ्याला गाठी. आणि त्यातल्या मोजक्यांना पुढे कधीतरी हे दुखणं धरतं. यात कुणाची चूक नसते, असंही ते म्हणाले.

बाळीने बाबांकडे पाहायचं टाळलं. सतराव्या वर्षी ती तीन आठवडे तापाने अंथरुणात होती. आणि आई पडली नर्स. अगदी लहानपणापासून बाळीचा पेला वेगळा, चमचा उकळलेला. कुणी तिला उष्टा घास भरवला किंवा तिचा पापा घेतला, की त्याची धडगत नसे. हे कळलं तर आई उरलेला जन्म स्वतःला खात बसणार. आताच तिचं दिवसभर एकच चाललं होतं, माझं कुठे चुकलं.

दोघं बाहेर येताच आईने विचारलं, "कशामुळे म्हणाले?"

"रक्तातच आहे," बाबा म्हणाले. "आमच्याकडचं. माझी एक आत्या होती. तिचेही पाय असेच गेले."

आईने बाळीकडे पाहिलं. "खरं?"

"हो. डॉक्टरही तेच म्हणाले."

मग आईने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो घर येईपर्यंत. छत्तीस वर्षं लपवलंत, सासूबाईंनीही चकार शब्द काढला नाही, माणसं म्हणायची की कोण! बाबा एकदाच म्हणाले, "तू लग्नाला नाही म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं."

घरी आल्यावर तिने तणतणतच ताट वाढून घेतलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर जेवली. बाबांना वाढलं नाही. ते भिंतीला टेकून तिचं जेवण होईपर्यंत बघत राहिले.