चौथं पान

"बाबा, चौथ्या पानाला कावळा का शिवत नाही?"

विचारलं एकदाचं! दिशाने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वर्गातल्या जान्हवी आणि सईने काल शाळेच्या गेटवर पैजच लावली होती. "तुझ्या बाबांना विचारून दाखव, मग तुझी गोष्टींची वही वाचतो. अख्खी."

बाबा पानांभोवती पाणी फिरवत होते. त्यांचा हात थांबला.

पितृपक्षातल्या म्हाळाचा दिवस होता. कांजूरमार्गच्या त्या सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवर भर दुपारी केळीची चार पानं मांडलेली. वडे, भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. पहिलं पान आजोबांचं, दुसरं आजीचं, तिसरं धाकूकाकाचं. धाकूकाका आठ वर्षांचा असतानाच तापाने गेला. चौथं वाढताना मात्र कुणी कुणाचं नाव घेत नसे.

डम्पिंग ग्राउंड जवळ असल्यावर कावळ्यांना काय तोटा! बाकीचे लोक काव काव करून घसा सुकवतात, इथे पान ठेवायचा अवकाश. तीन पानं बघता बघता फस्त झाली. चौथ्याजवळ एक कावळा उड्या मारत आला. मान वाकडी करून त्याने पानाकडे पाहिलं आणि परत कठड्यावर जाऊन बसला. दरवर्षीसारखाच.

"नसते प्रश्न विचारू नकोस," आई म्हणाली. "ही सगळी त्या कार्टूनची कृपा."

होतीच कार्टूनची कृपा. त्या कार्टूनमधली मुलगी ओरेला नावाच्या चेटकिणीची पुस्तकं वाचत असते, एक संपलं की दुसरं, अशी सात. ही पुस्तकं खरी नाहीतच, कार्टूनच्या बाहेर ती कुठेच मिळत नाहीत, हे कळल्यावर दिशा आधी रडली. मग म्हणाली, नाहीत ना? मग मी लिहिते! दोनशे पानी वहीत दोन भाग लिहूनही झाले. कार्टूनमध्ये ओरेलाचा चेहरा कधीच दाखवत नाहीत, तो कायम केसांआड. दिशाने आरशात बघून बघून तो वहीच्या कव्हरवर काढला आणि वर लाल पेनाने लिहिलं, 'चेटकीण'. ती वही दिसली की बाबा उलटी करून ठेवत. अभ्यास सोडून हे धंदे, म्हणून रागावत असतील, असं तिला वाटायचं.

"बाबा, सांगा ना."

"माझ्या बहिणीचं पान आहे ते."

"तुम्हाला बहीण होती?"

"थोरली." बाबा पानाकडेच बघत होते. "धाकूला शेवटची खीर तिने भरवली. मग भगत म्हणाला, पोराला घरातलीच कुणीतरी खातेय. दोन दिवसांत वाडीभर ती चेटकीण झाली. आजोबांनी तिच्या नावाने पाणी सोडलं."

"म्हणजे... तिचा नाद सोडला?"

"नाही गं. पाणी सोडलं. मेलेल्या माणसाच्या नावाने सोडतात ना, तसं. ती अंगणाच्या कडेला उभी राहून बघत होती." त्यांनी हातातला तांब्या हळूच खाली ठेवला. "तांब्या मी धरला होता. अकरा वर्षांचा होतो मी."

दिशा पानाच्या आणखी जवळ सरकली.

"मग ती गेली कधी?"

उत्तर आईने दिलं, आणि तेही मालवणीत, जी ती मुंबईत चुकूनही बोलत नसे.

"जित्ती आसा ती. गावच्या तिठ्यार कोकमां इकता."

चौथ्या पानावरच्या खिरीवर साय धरली होती. कठड्यावरचा कावळा अजून तिकडेच बघत होता.

"म्हणजे ती जिवंत आहे हे कावळ्याला माहीत होतं," दिशा म्हणाली. "इतकी वर्षं त्याला माहीत होतं, आणि तुम्ही वाढताय!"

"तुझ्या वहीवरचा चेहरा," बाबा म्हणाले, "तिचा आहे तो."

"काहीतरीच काय! मी आरशात बघून काढलाय."

"माहीत आहे मला."

दिशाचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. खाली कुठेतरी कचऱ्याची गाडी रिव्हर्स घेत होती, तिची पीं पीं गच्चीपर्यंत येत होती.

"नाव काय तिचं?"

बाबांनी तांब्या उचलला आणि चौथ्या पानाभोवती पुन्हा पाणी फिरवू लागले.

"ओरेला म्हणते, आधी माझं नाव घे, मग मला घाबर." दिशा मागे हटली नाही. "नाव तरी घ्या ना, बाबा."

"शेवंती," बाबा म्हणाले. अकरा वर्षांच्या मुलाने म्हणावं तसं.

दिशा पानासमोर मांडी घालून बसली.

"अगं, हात नको लावूस!" आई ओरडली. "मेलेल्यांचं पान आहे ते!"

"तीन मेलेल्यांची होती. ती संपली."

तिने बोटाने साय बाजूला केली आणि खिरीचा घास तोंडात घातला. बाबांनी डोळे मिटून घेतले. आई तिच्याकडे बघत राहिली, जणू आत्ता काहीतरी होईल. काही झालं नाही. कावळा तेवढा उडून गेला.

"दिवाळीच्या सुट्टीत मी शेवंती आत्याकडे जातेय," दिशा म्हणाली. "तुम्ही आलात तर झकास, नाहीतर मी एकटी. आणि खीर तिच्याच हातची खाणार."