दुर्मीळ चकतीचा दाखला

सत्याने आपलीच हानी होणार असते, तेव्हाच ते उच्चारणाऱ्याची खरी कसोटी लागते.

दिवंगत पतीने जहाजावरच्या कॅसिनोतून आणलेली जुगाराची चकती नवापूरच्या वत्सलेने बोईसरचे संग्राहक पुंजाराम यांच्यापुढे ठेवली. ती दुर्मीळ असल्याचा दाखला त्यांनी दिला, तर मनोरला उतरलेला ग्राहक तीन लाख देणार होता आणि किनाऱ्यावर पडून असलेल्या तिच्या होडीला इंजिन लाभणार होते.

पुंजारामांनी चकती तोलली, भिंगाखाली तिची कड न्याहाळली. मग कपाटातून अगदी तशीच स्वतःची चकती काढून शेजारी ठेवली. अशी चकती जगात एकच उरली आहे, असे ते वीस वर्षे अभिमानाने सांगत आले होते.

"काका, माजी खोटी हाय का?" वत्सलेने विचारले.

पुंजारामांनी दोन्ही चकत्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

"खरी आहे, पोरी. जगात अशा दोन आहेत," असे म्हणून त्यांनी दाखला लिहायला घेतला.

वत्सलेने क्षणभर डोळे मिटले आणि कागदावर हात ठेवला.

"थांबा काका, दोन नका लिवू. मासळीच्या पाट्या मोजायला घरी अशाच डबाभर हायत."


या दोघांच्याही घरी मंगल असो.