गाठ या शब्दाचे अर्थ

"दोन दोऱ्या एकमेकींना बांधल्या की गाठ." खांबेटेबाईंनी सुतळीचे दोन तुकडे बांधून दाखवले. "आणि दोन माणसं भेटली, तरी गाठ पडली म्हणतात."

चिपळुणात नव्याने इडलीची गाडी लावलेला तंगवेल रोज दुपारी त्यांच्या ओटीवर मराठी शिकायला येई. तो हसला. "हा शब्द मला माहीत, बाई. गिऱ्हाईक जाताना बोलते, पुन्हा गाठ पडेल. पोन्नीला डॉक्टर पण बोलला, गाठ."

"तुमच्या बायकोला? काय म्हणाले?"

"ती एकटी गेली होती. डॉक्टर खूप बोलला, तिला एकच शब्द कळला. मी सांगितलं, परत भेटू म्हणतो. घाई नाही."

बाईंनी सुतळी बाजूला ठेवली. "डॉक्टरांनी कुठे हात लावून पाहिलं होतं?"

तंगवेलने कानाखाली, मानेवर बोट ठेवलं. "गणपतीच्या आधी."

दारात दिवाळीचा आकाशकंदील हलत होता. बाईंनी चपला घातल्या. "पोन्नीला घेऊन या. आत्ताच जायचं."

"गाठचा अजून अर्थ आहे, बाई?"

बाई तोवर ओटीच्या पायऱ्या उतरल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोन्नीची मान चाचपली. मग दुसरी बाजू चाचपली आणि बोटं बराच वेळ तिथेच ठेवली. ती नवऱ्याकडे बघत होती.

"इतके दिवस कुठे होता तुम्ही?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

या वाक्यातला शब्द न् शब्द तंगवेलला कळला.