दिव्याकडे पाठ

वारलेल्या नवऱ्याच्या आठवणी साठवलेलं बियाणं प्रयोगशाळेतून आलं, पण तिथली उगवणपेटी फार महाग होती. म्हणून रत्नप्रभाबाईंनी भंगारातल्या लोखंडी पट्ट्या जोडून घरीच मांडणी केली, वर ट्यूबलाइट टांगल्या.

चौथ्या दिवशी रोपं उगवली ती दिव्याकडे पाठ करून, भिंतीकडे झुकलेली. बाईंनी ट्रे फिरवला. तासाभरात रोपं पुन्हा भिंतीकडे वळली.

"अहो, मी इकडे आहे," बाई हळूच म्हणाल्या. एकही पान हललं नाही.

भिंतीपलीकडे कमलिनी टीचर एकट्याच राहायच्या. त्या खोकल्या, तशी सगळी रोपं थरथरली.

बाईंनी ट्रे उचलला आणि शेजारची बेल वाजवली.

"ही तुमच्याकडे ठेवा."

टीचरांनी ट्रे छातीशी धरला. रोपं कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.