न अडणारं यंत्र

यंत्र पुन्हा अडलं. त्रिविक्रमने दांडीवर जोर केला तशी आतली चाकं करकरली आणि दांडी जागच्या जागी रुतून बसली.

"अय्यो, आज पुन्हा?" स्वयंपाकघरातून त्याची बायको कृष्णवेणी म्हणाली.

त्रिविक्रम खजील झाला. कुंभकोणमच्या शाळेत पोरांना घर्षणाचा धडा शिकवणारा मास्तर तो, आणि घरातल्या वीतभर यंत्रातलं घर्षण काही त्याला हटेना! मालिशचं यंत्र होतं ते. एका मुठीत धरायचं, दुसऱ्या हाताने दांडी फिरवायची, की तोंडाशी बसवलेली रबरी वाटी थरथरायची. देश सोडून जाताना कुणा मडमेने विकून टाकलेलं, मद्रासच्या जुन्या बाजारातून त्याने आणलेलं. डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या आईच्या पायांतली जाणीव बोटांपासून वर वर नाहीशी होत चाललीय, रोज चोळत जा, टिकेल तितकी टिकेल.

चोळत जा म्हणे! रुक्मिणीबाईंचं सोवळं डॉक्टरांना काय ठाऊक? नवरा गेल्यापासून म्हातारीने कुणाला अंगाला शिवू दिलं नव्हतं, पोटच्या लेकालाही नाही. म्हणून तर यंत्राचा खटाटोप. वाटीवर तिरुभुवनमच्या रेशमाचा तुकडा बांधला तेव्हा कुठे बाई राजी झाल्या. रेशमाला ओवळं लागत नाही.

पण यंत्र चालेल तर ना! तिळाचं तेल घातलं, ते चिकटून बसलं. एरंडेल घातलं, त्याचा नुसता डिंक झाला. रोज मध्येच अडायचं. मग त्रिविक्रम वैतागून राहिलेला पाय हातानेच चोळून टाकायचा, आणि रुक्मिणीबाई कडाकडा भांडायच्या, "शिवलास ना रे मला! आता पुन्हा पाणी घ्यायला हवं अंगावर." शेवटी गेल्या महिन्यात त्याने एकूण एक चाक रॉकेलने धुतलं आणि शिवणयंत्राचं तेल सोडलं. "चरबी नाही ना रे त्यात?" म्हातारीने विचारलं. "नाही गं अम्मा, जमिनीतून निघतं ते." तेव्हापासून यंत्र कसं छान फिरत होतं. ना आवाज, ना अडणं. त्रिविक्रम मनातून फार खूश होता.

आणि आज हे.

ओसरीवर जुना पेपर अंथरून त्याने यंत्र खोललं. चाकांच्या दातांत पांढुरका राडा साचला होता. चिमटीत घेऊन चोळला तर बोटांना खरखर लागली. रांगोळी!

"वेणी!" तो ओरडला. "यंत्राजवळ रांगोळी कोण सांडतं?"

कृष्णवेणी हात पुसत बाहेर आली. "मी कशाला सांडू? डबा अम्मांच्या उशाशी असतो. सकाळी देवापुढच्या पाटावर कमळ काढतात ना, पडल्या पडल्या, चाचपत. डोळ्यांना दिसत नाही, पण एक पाकळी चुकत नाही." तिने वाकून यंत्रात पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "अम्मांच्या हातून सांडत नाही हो काही."

"आणि यंत्र? ते कुठे ठेवतेस?"

"तेही तिथेच. उशाशी."

त्रिविक्रमने चाक उजेडात धरलं. रांगोळी सांडलेली नव्हती. बोटाने दाबून दाबून भरलेली होती, एकही दात न सोडता. त्याला आठवलं, या महिन्यात अम्मा एकदाही भांडली नव्हती. "बरं वाटतं का गं?" असं तो रोज विचारायचा, आणि ती भिंतीकडे तोंड करून "वाटतं" म्हणायची. स्वतःच्या शहाणपणाची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

चाकं तशीच पेपरवर टाकून तो आत गेला. पावलांच्या आवाजाकडे रुक्मिणीबाईंनी मान वळवली.

"जाहलं का रे नीट?"

"नाही अम्मा. दात झिजलेत. आता नाही चालायचं ते."

"अरेरे!" त्या म्हणाल्या. पण चेहरा असा काही उजळला की त्रिविक्रमला तिकडे पाहवेना. "मग कसं रे? डॉक्टर तर रोज चोळा म्हणतात."

"मी हातानेच चोळीन. रोज."

"शिवशील मला."

"शिवेन. तू भांड माझ्याशी."

"भांडणारच! सोडते की काय!" त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि त्या वाट बघत राहिल्या.

त्रिविक्रम पायथ्याशी बसला. दोन्ही पावलं त्याने मांडीवर घेतली. गारठलेली होती. एकेक बोट चोळलं, टाचा चोळल्या, घोटे चोळले. तळहात गरम होईस्तोवर चोळत राहिला, मग पोटऱ्यांना जोर लावला. कपाळावर घाम आला तरी हात थांबले नाहीत. कृष्णवेणी दारात येऊन उभी राहिली होती.

बऱ्याच वेळाने रुक्मिणीबाईंनी डोळे उघडले. थोड्याशा संकोचाने म्हणाल्या, "त्रिविक्रमा, नुसता बसलास काय रे? लाव ना हात."